पंचेचाळीस टक्के सूत, तरीही सुती नाही : तुर्कस्तानातून मागवलेल्या कुशन कव्हरांच्या वर्गीकरणाचा अनुभव

बडोद्यात रावपुऱ्याजवळ माझे आणि माझ्या जाऊबाईंचे गृहसजावटीच्या कापडाचे छोटे दुकान आहे. अकरा वर्षे आम्ही पानिपत, करूर आणि सुरत येथून माल आणत आलो. परदेशातून माल मागवण्याचा पहिला प्रयत्न आम्ही २०२४ मध्ये केला. ९ जानेवारीला आगाऊ रक्कम पाठवली आणि ८ जूनला माल दुकानात आला. या पाच महिन्यांतले जवळपास चाळीस दिवस माल बंदरावर पोहोचूनही अडकून राहिला. त्याला कारण झाली ती एकच गोष्ट, प्रत्येक वस्तूपुढे लिहायचा आठ आकडी जकात क्रमांक. त्या दिवसांत मी मराठीत काही वाचायला मिळते का ते शोधत होते. जे मिळाले ते एक तर वकिलांच्या भाषेत होते किंवा मालवाहतुकीची जाहिरात होती. म्हणून जे घडले ते त्याच क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीचा भाग सोपा होता. परदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आयात-निर्यात परवाना क्रमांकासाठी, म्हणजे आयईसीसाठी, अर्ज केला. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे आणि क्रमांक म्हणून आपला पॅनच मिळतो. बँकेकडून एडी कोडचे, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तिच्या शाखेच्या क्रमांकाचे, पत्र घेऊन ते आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर ज्या बंदरात माल उतरणार त्या बंदरासाठी नोंदवावे लागते. हे काम माल निघण्यापूर्वीच उरकून घ्यावे, कारण नोंदणीशिवाय पुढे काही सरकत नाही. आमच्यासाठी बंदर ठरले न्हावा शेवा. आमचा माल पूर्ण कंटेनरभर नव्हता, इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून येणार होता.

मागणी अशी होती : ४५ सेंटिमीटर चौरस मापाची ४०० जॅकार्ड (विणतानाच नक्षी उठवलेली) कुशन कव्हरे, ६० ब्रोकेडचे टेबल रनर, यंत्रावर विणलेली ४० वॉल हँगिंग आणि २५ लहान लोकरी किलीम, म्हणजे सपाट विणीचे गालिचे. एकूण ५,११० युरो. पुरवठादाराने दुकानात मांडण्यासाठी म्हणून भरलेल्या १२ उशा मोफत पाठवल्या आणि इन्व्हॉइसवर त्यांच्यापुढे ‘व्यापारी मूल्य नाही’ असे लिहिले. संपूर्ण मालाचे वर्णन मात्र त्याने एकाच ओळीत केले होते, सुती गृहवस्त्रे. त्याखाली बारा आकडी क्रमांक होता. तुर्कस्तानात जकात क्रमांक बारा आकडी असतो आणि आपल्याकडे आठ आकडी. त्यांतले पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, कारण ते जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सामाईक पद्धतीतून आलेले आहेत. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले लावतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

माल २ मार्चला जहाजावर चढला. त्या काळात लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे बहुतेक जहाज कंपन्या सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालत होत्या, त्यामुळे एरवीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. जहाज २७ एप्रिलला लागेल असे कळले. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टम्सला द्यायचे घोषणापत्र, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावे लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये विलंबशुल्क लागते. एका परिचितांच्या ओळखीने आम्ही पनवेलचा एक कस्टम ब्रोकर नेमला. व्यवसायात अजूनही सगळे त्यांना सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, म्हणतात. २४ एप्रिलला त्यांच्याकडून चेकलिस्ट आली, म्हणजे दाखल होण्यापूर्वी आयातदाराने तपासून मान्य करायचा बिलाचा मसुदा. मी त्यात रकमा पाहिल्या, पॅन पाहिला, पत्ता पाहिला आणि ‘ठीक आहे’ असे कळवले. क्रमांकांच्या रकान्याकडे मी लक्षच दिले नाही. तो ब्रोकरचा विषय आहे असे मी समजून चालले होते.

कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. २०११ पासून आपल्याकडे स्वयंमूल्यांकनाची पद्धत आहे. माल कोणत्या क्रमांकात बसतो हे आयातदाराने स्वतः ठरवून जाहीर करायचे असते आणि त्याची जबाबदारीही त्याचीच असते. ब्रोकर लिहून देतो, पण ते म्हणणे आपले असते. क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, चार म्हणजे शीर्षक आणि सहा म्हणजे उपशीर्षक. आमच्या बिलात सगळाच माल गृहसजावटीच्या इतर वस्तूंच्या शीर्षक ६३०४ खाली, सुती वस्तूंच्या ६३०४ ९२ या उपशीर्षकात टाकलेला होता. इन्व्हॉइसवर ‘सुती’ लिहिलेले असल्यामुळे ब्रोकरच्या कार्यालयाने तेच उतरवले होते.

२९ एप्रिलला क्वेरी आली. आता मूल्यांकन फेसलेस पद्धतीने होते, म्हणजे माल न्हावा शेव्याला असला तरी कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्या कुठल्याही बंदरावर असू शकतो. त्याला भेटता येत नाही, फोन करता येत नाही. प्रश्न पोर्टलवर येतात आणि उत्तर पोर्टलवरच द्यावे लागते. सुरुवातीला मला याची फार भीती वाटली. समोर माणूस असता तर कापड हातात देऊन समजावता आले असते, असे वाटत राहिले. आज वाटते की लेखी उत्तराची सक्ती माझ्या फायद्याचीच ठरली, कारण तिच्यामुळे मला विषय मुळापासून वाचावा लागला.

प्रश्न चार होते. कुशन कव्हरांत कोणकोणते तंतू वजनाने किती टक्के आहेत? टेबल रनर हे टेबल लिनन म्हणून ६३०२ मध्ये का जाऊ नयेत? किलीम हे प्रकरण ५७ मधले गालिचे नाहीत असे कशाच्या आधारावर म्हणता? आणि ‘मूल्य नाही’ असे लिहिलेल्या उशांचे मूल्य किती?

त्या रात्री मी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरून सीमाशुल्क दरपत्रकाची विभाग ११ मधली, म्हणजे कापड आणि वस्त्रांची, प्रकरणे उतरवून घेतली. ती तिथे विनामूल्य मिळतात. पहिली शिकवण त्याच रात्री मिळाली. विभागांची आणि प्रकरणांची नावे वाचून काहीही ठरवता येत नाही, कारण व्याख्येच्या सामान्य नियमांतला पहिलाच नियम सांगतो की वर्गीकरण शीर्षकांच्या शब्दांवरून आणि विभाग व प्रकरण यांच्या टिपांवरून होते. विभागांची नावे केवळ सोयीसाठी असतात. टिपा प्रत्येक विभागाच्या आणि प्रकरणाच्या सुरुवातीला असतात, आणि खरा निर्णय बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो.

कुशन कव्हरांची तांत्रिक माहिती मला पुरवठादाराच्या एका जुन्या ईमेलमध्ये सापडली : ४५ टक्के सूत, ३० टक्के पॉलिएस्टर, २५ टक्के व्हिस्कोस. तीन तंतूंमध्ये सुताचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे कव्हर सुती, असे कुणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले आणि मी निश्चिंत झाले. मग विभाग ११ ची दुसरी टीप वाचली. मिश्र तंतूंची वस्तू ज्या तंतूचे वजन सर्वाधिक त्याची समजली जाते, हे तिथे आहेच. पण पुढे असेही आहे की आधी प्रकरण ठरवायचे आणि मग त्या प्रकरणाच्या आत पाहायचे, आणि मानवनिर्मित तंतूंची ५४ व ५५ ही दोन प्रकरणे दुसऱ्या एखाद्या प्रकरणाशी तोलायची असतील तेव्हा ती दोन्ही मिळून एकच प्रकरण मानायचे. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस दोन्ही मानवनिर्मित आहेत. त्यांची बेरीज ५५ टक्के होते, सूत ४५ वर राहते आणि मागे पडते. एकदा सूत बाजूला झाले की उरलेल्या दोघांत पॉलिएस्टर ३० आणि व्हिस्कोस २५, म्हणून वस्तू पॉलिएस्टरची, म्हणजेच संश्लेषित तंतूची ठरते. तिचे उपशीर्षक ६३०४ ९३.

इथे आणखी एक बारकावा आहे. बाजारात आपण पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस दोघांनाही सरसकट ‘सिंथेटिक’ म्हणतो. दरपत्रक तसे म्हणत नाही. प्रकरण ५४ ची पहिली टीप दोघांना वेगळे करते. रसायनांपासून घडवलेला पॉलिएस्टर हा संश्लेषित तंतू, आणि लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून काढलेला व्हिस्कोस हा कृत्रिम तंतू. ६३०४ ९३ फक्त संश्लेषित तंतूंसाठी आहे. आमच्या कव्हरांत व्हिस्कोस ३० आणि पॉलिएस्टर २५ असते, तर तेच कव्हर ‘इतर वस्त्रसामग्री’च्या ६३०४ ९९ मध्ये गेले असते. पाच टक्क्यांनी क्रमांक बदलतो. म्हणून ज्यांना मिश्र कापड मागवायचे आहे त्यांनी ‘कॉटन ब्लेंड’ असल्या शब्दांवर कधीही थांबू नये. प्रत्येक तंतूची वजनाची टक्केवारी लेखी मागून घ्यावी.

पण पुरवठादाराची टक्केवारी खरी कशावरून? नमुन्यादाखल डिसेंबरमध्ये आलेले एक कव्हर घरी होते. मी त्याची कडेची शिवण उसवली आणि ताणा-बाण्याचे धागे वेगळे केले. सासूबाई शेजारी बसून एकेक धागा चिमट्यात धरून देत होत्या आणि मी तो मेणबत्तीवर धरत होते. जाड पांढरट धागा कागदासारखा जळला आणि हलकी राख उरली. ताण्याचा बारीक चकचकीत धागा आक्रसत मागे सरला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. तिसरा धागा पुन्हा कागदासारखाच जळला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा आणि तो पहिला एकच आहे की.” त्यांना वाटले ते चुकीचे नव्हते, कारण सूत आणि व्हिस्कोस दोन्ही मुळात सेल्युलोजच आहेत आणि जळताना सारखेच वागतात. जाळून पाहण्याने पॉलिएस्टर ओळखू येते, त्यापुढे प्रयोगशाळाच लागते.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकले आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या तेव्हाच्या बाईंना भेटले. त्यांनी मला कागदावर काढून दाखवले की ७५ टक्के गंधकाम्लात सूत आणि व्हिस्कोस दोन्ही विरघळतात व पॉलिएस्टर उरते, आणि झिंक क्लोराइड व फॉर्मिक आम्लाच्या मिश्रणात व्हिस्कोस विरघळते व सूत उरते. दोन्ही वेळा उरलेल्या तंतूंचे वजन केले की तिन्हींचे प्रमाण मिळते. परीक्षेसाठी पाठ केलेली ही माहिती वीस वर्षांनी माझ्या पोटापाण्याशी अशी जोडली जाईल, असे मला कधी वाटले नव्हते. अहवाल काय येऊ शकतो याचा अंदाज आल्यावर मन पुष्कळ शांत झाले.

किलीमांच्या बाबतीत माझी बाजू चुकीची होती, आणि ती मला टिपा वाचूनच कळली. आम्ही ते किलीम भिंतीवर टांगण्यासाठी मागवले होते. मापही लहान होते, मागे टांगण्यासाठी पट्टी शिवलेली होती. म्हणून ते सजावटीची वस्तू आहेत असे आमचे म्हणणे होते. परंतु प्रकरण ५७ च्या पहिल्या टिपेत स्पष्ट लिहिले आहे की ज्या वस्तूंना जमिनीवर अंथरायच्या वस्त्रांची लक्षणे आहेत त्या दुसऱ्या उपयोगासाठी असल्या तरी याच प्रकरणात येतात. शिवाय ५७०२ १० या उपशीर्षकात किलीमचे नावच घेतलेले आहे. भिंतीवर लावला म्हणून गालिचा गालिचा असायचा थांबत नाही. मी ते उत्तरात सरळ मान्य केले. जिथे आपण चुकलो आहोत तिथे शब्दांचे खेळ न करता मान्य केले की बाकीच्या मुद्द्यांवर आपले म्हणणे अधिक विश्वासाने वाचले जाते, असे मला ब्रोकरनेही सांगितले.

वॉल हँगिंगबद्दल अधिकाऱ्याने विचारले नव्हते, तरी मी दोन ओळी लिहिल्या. टॅपेस्ट्रीसाठी ५८०५ हे शीर्षक आहे, पण ते हाताने विणलेल्या किंवा सुईकामाच्या टॅपेस्ट्रीसाठी आहे. आमची जॅकार्ड यंत्रावर विणलेली होती, म्हणून ती ६३०४ मध्येच राहतात.

रनरचा प्रश्न सर्वांत अवघड होता. टेबलावर अंथरायचे वस्त्र म्हणजे टेबल लिनन, आणि टेबल लिननचे शीर्षक ६३०२, हे इतके सरळ दिसते की त्याविरुद्ध काही म्हणता येईल असे मला वाटले नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपा आमच्या ब्रोकरच्या कार्यालयात होत्या. त्या विकतच घ्याव्या लागतात. त्यांनी मला ६३०२ खालचे पान वाचून दाखवले. लेस, मखमल किंवा ब्रोकेड यांपासून केलेली टेबलावरची वस्त्रे टेबल लिनन समजली जात नाहीत, ती सहसा ६३०४ मध्ये जातात, असे तिथे म्हटले आहे. विचार केला तर ते पटते. लिनन म्हणजे जे सांडले, मळले, धुतले आणि पुन्हा अंथरले जाते ते. जरीसारख्या विणकामाचा ब्रोकेड रनर कुणी वरणभाताच्या ताटाखाली घालून रोज धूत नाही. मी रनरच्या विणीचे जवळून घेतलेले फोटो, पुरवठादाराचे तांत्रिक पत्रक आणि त्या टिपेचा संदर्भ एकत्र करून उत्तर तयार केले.

उशांचे उत्तर सोपे, पण मनाला लागणारे होते. मोफत आलेल्या वस्तूलाही सीमाशुल्कासाठी मूल्य असते. ‘मूल्य नाही’ हे शब्द कस्टम्ससमोर निरर्थक आहेत. पुरवठादाराच्या दरपत्रकाप्रमाणे प्रत्येकी ९ युरो लावून १०८ युरो जाहीर केले. क्रमांकही बदलला, कारण नुसता अभ्रा प्रकरण ६३ मध्ये येतो आणि भरलेली उशी ९४०४ मध्ये. तिथे ड्युटी अभ्र्यापेक्षा जास्त होती. मोफत देणाऱ्याला आम्ही आता आधीच ‘नको’ म्हणून सांगतो, किंवा किंमत लिहायला लावतो.

हे सगळे २ मे रोजी ई-संचित या कस्टम्सच्या कागदपत्रांच्या ऑनलाइन प्रणालीत चढवून उत्तर दाखल केले. दोन दिवसांनी फर्स्ट चेकचा आदेश आला, म्हणजे आधी मालाची प्रत्यक्ष तपासणी, नमुना प्रयोगशाळेत आणि मग मूल्यांकन. ७ मे रोजी बडोद्यात मतदान होते. ते करून रात्रीच्या गाडीने निघाले आणि ८ तारखेला सकाळी ब्रोकरच्या माणसासोबत कंटेनर फ्रेट स्टेशनवर, म्हणजे कंटेनर उघडून माल ठेवतात त्या गोदामात, पोहोचले. आयातदाराने स्वतः जाणे आवश्यक नसते, पण मला माझा माल पाहायचा होता.

अधिकाऱ्यांनी सहा खोकी उघडायला सांगितली. एका खोक्यातून निळ्या डाळिंबाच्या नक्षीचे कव्हर काढले, उलटे केले आणि नक्षीचा पूर्ण आवर्त, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा एक अख्खा भाग, येईल असा चौकोन कातरीने कापला. नक्षीच्या ज्या भागात निळा धागा वर असतो तिथे व्हिस्कोस जास्त आणि पार्श्वभूमीच्या भागात सूत जास्त, त्यामुळे कोपऱ्यातला तुकडा घेतला असता तर प्रमाण वेगळे आले असते. मी तशी विनंती केली होती आणि त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. जॅकार्ड मागवणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. नमुना काढताना नक्षीचा संपूर्ण आवर्त घेतला जावा, असे नम्रपणे सांगायला हरकत नसते. तुकडे पाकिटांत घालून सील केले, टेस्ट मेमोवर सह्या झाल्या. मधोमध खिडकी पडलेले ते कव्हर मला परत दिले.

त्यानंतर एकवीस दिवस आम्ही फक्त वाट पाहिली. मी रोज सकाळी आइसगेट उघडून पाही आणि तीच स्थिती दिसे. दरम्यान गोदामाचे भाडे चढत होते. पहिले काही दिवस सोडले की ते दर आठवड्याला वाढत्या दराने लागते. शेवटी ते ३१,४०० रुपये झाले. ड्युटीतला जो फरक पडला तो या रकमेपुढे किरकोळ होता. म्हणजे चुकीच्या क्रमांकाची खरी किंमत आम्ही भाड्याच्या रूपाने दिली.

या काळात दोन वाटा होत्या आणि दोन्ही मला उशिरा कळल्या. कलम १८ प्रमाणे अहवाल येण्यापूर्वी तात्पुरते मूल्यांकन करून, बाँड आणि तारण देऊन माल सोडवता येतो. कलम ४९ प्रमाणे माल सोडवायला वेळ लागणार असेल तर तो सार्वजनिक वखारीत तीस दिवसांपर्यंत ठेवण्याची परवानगी मागता येते. ब्रोकरचे म्हणणे पडले की एवढ्याशा मालासाठी ती खटपट परवडणार नाही. माझे मत आज वेगळे आहे. नमुना ज्या दिवशी निघाला त्याच दिवशी मी तात्पुरत्या मूल्यांकनाचा अर्ज करायला हवा होता आणि तसा आग्रह धरायला हवा होता.

तिसरी वाट तर माल मागवण्यापूर्वीची आहे. मुंबई आणि दिल्ली येथे सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. १०,००० रुपये शुल्क भरून, आपण मागवणार त्या वस्तूचे वर्गीकरण काय, असे त्यांना आधीच विचारता येते. निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि तो कस्टम्सवर बंधनकारक असतो. पण तोच प्रश्न अधिकाऱ्यापुढे आधीच प्रलंबित असेल तर अर्ज घेतला जात नाही. आमची क्वेरी आली तेव्हाच तो दरवाजा बंद झाला होता.

२९ मे रोजी अहवाल आला : सूत ४३.६ टक्के, पॉलिएस्टर ३१.२ टक्के, व्हिस्कोस २५.२ टक्के. मी तो दुकानात उभ्या उभ्या फोनवर वाचला आणि जाऊबाईंना आकडे मोठ्याने वाचून दाखवले. पुरवठादार खोटे बोलला नव्हता आणि आम्हीही बोललो नव्हतो, याचे समाधान क्रमांक बदलण्याच्या दुःखापेक्षा मोठे होते. चुकीचे वर्णन करून माल आणला असा ठपका आला असता तर दंड आणि जप्तीपर्यंत गोष्ट गेली असती. टक्केवारीचे पत्रक आम्ही उत्तरासोबत स्वतःहून दिले होते आणि अहवाल त्याच्याशी जुळला, त्यामुळे तो विषय निघालाच नाही.

३१ मे रोजी फेरमूल्यांकन झाले. कव्हरे ६३०४ ९३ मध्ये गेली. किलीम ५७०२ १० मध्ये, उशा ९४०४ मध्ये गेल्या. वॉल हँगिंग ६३०४ मध्ये राहिली. आणि रनरही ६३०४ मध्येच राहिले. फेरमूल्यांकन मान्य नसेल तर अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत कारणांसहित आदेश द्यायचा असतो आणि त्याविरुद्ध साठ दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येते. आम्हाला सर्व मुद्दे पटले होते, म्हणून लेखी मान्यता दिली.

ड्युटीचे गणित समजून घेणे फायद्याचे आहे. मालाची किंमत, जहाजभाडे आणि विमा मिळून मूल्य ठरते. त्यावर मूळ सीमाशुल्क, मूळ सीमाशुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर आयजीएसटी. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणून खिशातून कायमचे जातात ते पहिले दोनच भाग. बिल फेरमूल्यांकनानंतर परत आले की एका दिवसाच्या आत रक्कम भरावी, नाही तर १५ टक्के दराने व्याज लागते. आम्ही त्याच संध्याकाळी भरली. ब्रोकरची फी ९,५०० रुपये झाली. ५ जूनला आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल बाहेर नेण्याची कस्टम्सची परवानगी, मिळाला आणि ८ जूनला, शनिवारी दुपारी, टेम्पो दुकानासमोर उभा राहिला. त्यानंतरही एक काम उरले होते. आगाऊ पाठवलेल्या रकमेसमोर बिल ऑफ एंट्री बँकेत देऊन ती नोंद बंद करून घ्यावी लागते. अनेक जण हे विसरतात आणि पुढच्या वेळी बँक पैसे पाठवायला अडते.

दुसरी मागणी आम्ही ऑक्टोबरमध्ये नोंदवली. त्या वेळी पैसे पाठवण्यापूर्वी पुरवठादाराला एक कोरा तक्ता पाठवला. प्रत्येक वस्तूसाठी विणलेली की निटिंगची, हातमाग की यंत्र, तंतूंची वजनाची टक्केवारी, भरलेली की रिकामी, भरतकाम असल्यास खालचे कापड कोणते, आणि त्यांचा बारा आकडी क्रमांक. भरतकामाचा रकाना मुद्दाम घातला आहे, कारण भरतकाम केलेल्या कापडाच्या वस्तूत तंतूचा हिशेब फक्त खालच्या कापडावरून होतो, वरच्या दोऱ्यावरून नाही. तक्ता चार दिवसांत भरून आला. प्रत्येक वस्तूची इन्व्हॉइसवर वेगळी ओळ आली. चेकलिस्ट आल्यावर मी आणि जाऊबाई दोघींनी बसून प्रत्येक आकडा टिपांशी ताडून पाहिला आणि मगच होकार दिला. त्या वेळी क्वेरी आली नाही.

मधोमध कापलेले ते निळे कव्हर मी फेकले नाही. ते काउंटरच्या खणात आहे. परदेशातून माल मागवायचा आहे म्हणून कुणी विचारायला आले की मी ते बाहेर काढते, खिडकीच्या कडेने सुटलेले तीन धागे वेगवेगळे करून त्यांच्या हातात देते, आणि मगच पुढचे बोलायला लागते.